दाबल्यावर आलेला तोल दुसऱ्या दिवशी कुठे जातो?

पत्र थोडक्यात : सांगली जिल्ह्यातली २० वर्षांची एक खो-खो खेळाडू लिहिते, की तीन महिन्यांपासून तिचा उजवा खुबा मागून आणि बाजूने जड होतो, कधीकधी जांघेतही कळ येते. सूर मारून उठताना आणि पळतीत झटकन दिशा बदलताना उजवा पाय ‘माझा वाटत नाही’. ओळखीतले एक मसाज करणारे दादा आठवड्यातून तीनदा कुल्ह्यातल्या गाठी दाबून मोकळ्या करतात, एका वेळचे ४०० रुपये घेतात. पहिल्यांदा दाबलं त्या दिवशी डोळे मिटून उजव्या पायावर उभं राहण्याची तिची वेळ १५ सेकंदांवरून ४० वर गेली आणि सरांचा विश्वास बसला. दुसऱ्या दिवशी मात्र सगळं पहिल्यासारखं. निवड चाचणी सहा आठवड्यांवर आली आहे. आई म्हणते, हे बंद कर. बंद दाराआड दाबून घेणं तिलाही नकोसं वाटतं, पण सरांना काय सांगायचं ते कळत नाही. ‘मुलींचे कुल्हे रुंद असतात म्हणून त्यांचा तोल कच्चाच राहतो, असं दादा म्हणतात. खरं आहे का ताई? (पाळी चार महिने आलेली नाही, पण सराव वाढला की सगळ्यांचंच असं होतं.)’

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू शेवटी, कंसात लिहिली आहेस. मी तिथूनच सुरुवात करते.

चार महिने पाळी नाही आणि जांघेत कळ येते, या दोन गोष्टी एका खेळाडूच्या पत्रात एकत्र दिसल्या की दाबावं की दाबू नये हा प्रश्न मी बाजूला ठेवते. सराव वाढला की बऱ्याच जणींची पाळी लांबते, हे खरं आहे. पण बऱ्याच जणींचं होतं म्हणून ते ठीक आहे, असं नाही. दिवसभरात अंगातून जितकं खर्च होतं तितकं पोटात गेलं नाही, की शरीर काटकसरीला लागतं आणि पहिली कात्री बहुतेक वेळा पाळीला लावतं. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरलेलं असतं, आणि हाडांची जी डागडुजी रोज चालायला हवी ती मागे पडते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’, म्हणजे खेळाडूच्या शरीरातली ऊर्जेची तूट, असं नाव दिलं. जी मुलगी रोज शेकडो वेळा उठते, वळते, सूर मारते, तिच्या अशा हाडाला बारीक चीर जाऊ शकते. खुब्याच्या सांध्याजवळ मांडीच्या हाडाची जी ‘मान’ असते, तिथली चीर जांघेत दुखते. सुरुवातीला साध्या एक्स-रेत ती अनेकदा दिसत नाही, एमआरआय करावा लागतो. वेळेत कळली तर बहुतेक वेळा विश्रांतीने भरून येते. न कळता खेळत राहिलं तर हाड सरकू शकतं, आणि मग शस्त्रक्रिया.

तुला तेच झालंय असं मी म्हणत नाही. पत्र वाचून ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि खुब्याच्या बाजूचं जडपण बऱ्याचदा स्नायूचं किंवा स्नायूबंधाचं असतं. पण या शंकेचं निरसन होईपर्यंत पळणं, उड्या, सूर सगळं थांबव आणि याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. एका पायावर उड्या मारून ‘दुखतंय का’ हे स्वतः तपासायला जाऊ नकोस. चालताना लंगडायला होत असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल, तर याच आठवड्यात नाही, उद्याच जा. हाडाच्या डॉक्टरांना खुबा दाखव आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना पाळीचं सांग. त्या आधी गरोदरपणाची तपासणी करायला सांगतील. ती सगळ्यांचीच करतात, त्यात वाईट वाटून घेऊ नकोस.

दाबून घेण्याचा खरा धोका मला इथेच दिसतो. गाठी दाबल्यावर दुखणं काही तास ओसरतं, आणि त्या काही तासांत तू मैदानावर जाऊन पूर्ण जोर लावतेस. दुखणं हा शरीराचा निरोप असतो. तो काय आहे हे कळायच्या आधीच आठवड्यातून तीनदा पुसला जातोय.

आता हाड ठीक निघालं असं धरून पुढे जाऊ, कारण तुझा मूळ प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. माझ्याकडे येणाऱ्या कबड्डीच्या, हँडबॉलच्या, लांब पळणाऱ्या मुलीही थोड्याफार फरकाने हेच विचारतात.

आधी एक करून बघ. स्वयंपाकघरात ओट्यासमोर उभी राहा, पडायला झालं तर धरायला काही हवं. दोन्ही हात कमरेवर ठेव. हात टेकतात ते कमरेच्या हाडाचं काठ. तिथून बोटं बाजूने खाली ने. थोडं खाली एक टणक उंचवटा लागेल, तो मांडीच्या हाडाचा. या दोन हाडांच्या मधे पंख्यासारखा पसरलेला स्नायू म्हणजे ग्लुटियस मीडियस. बोटं तिथेच ठेवून डावा पाय जमिनीवरून दोन बोटं उचल. उजवीकडे बोटांखाली तो कडक झालेला लागेल. डावी बाजू खाली लटकू नये म्हणून तो तिला पलीकडून ओढून धरतो. त्याची पकड वजनाच्या मानाने आखूड असल्यामुळे त्याला फार जोर लावावा लागतो, आणि एका पायावर उभं असताना खुब्याच्या सांध्यावर अंगाच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. हा स्नायू कमी पडला की उचललेल्या पायाकडची कंबर खाली कलते. ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जनने १८९५ मध्ये हे लिहून ठेवलं आणि फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षांपासून आम्ही ते त्याच्याच नावाने शिकतो. तू आरशासमोर दोन्ही अंगठे कमरेच्या हाडांवर ठेवून बघ, कुठला अंगठा खाली जातो.

आता त्या ४० सेकंदांकडे येऊ. सर आणि दादा यातून काढतात तो अर्थ असा : गाठ होती, ती दाबून फुटली, स्नायू मोकळा झाला, म्हणून तोल आला. यातल्या प्रत्येक पायरीवर मला शंका आहे.

हाताने दाबून स्नायूतली गाठ ‘फुटत’ नाही. मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणारा जो जाड पट्टा आहे, तो तर इतका चिवट आहे की माणसाच्या हाताच्या जोराने तो मोजण्याइतकासुद्धा लांबत नाही. मग बरं का वाटतं? कारण दाबल्यावर त्वचेतून, स्नायूतून मेंदूकडे संदेश जातात आणि मेंदू त्या भागाचा पहारा थोडा सैल करतो. दुखणं कमी होतं, सांधा जरा जास्त वळतो, पाय हलका लागतो. हे खोटं नाही. मी स्वतः रोज हात वापरते आणि त्याचा उपयोग मला दिसतो. पण ही सूट तात्पुरती असते, काही मिनिटांची, काही तासांची, फार तर एक-दोन दिवसांची. त्या वेळात स्नायूची ताकद वाढलेली नसते. वीस मिनिटं पालथं पडून राहून कुणाची ताकद वाढत नाही. म्हणूनच दुसऱ्या दिवशी तू होतीस तिथेच असतेस.

दुसरं, डोळे मिटून उभं राहण्याचा खेळ कुणीही दुसऱ्यांदा केला की जास्त जमतो. पहिल्यांदा पाऊल चाचपडतं, दुसऱ्यांदा त्याला कळलेलं असतं. हे तपासायचं असेल तर डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर एक दिवस असं कर. प्रत्येक पायावर तीनदा उभी राहा, वेळ लिही. मग दाबून न घेता वीस मिनिटं नुसती पडून राहा, पुन्हा तीन-तीनदा. आकडे न दाबताही चढले तर त्या ४० मधले किती सेकंद दादांचे आणि किती तुझे, ते तुझं तुलाच दिसेल. शिवाय डोळे मिटून एका पायावर उभं राहताना फक्त खुबा काम करत नाही. घोटा, तळपायाची जाणीव, आतला कान, सगळे लागतात. कधी घोटा मुरगळला होता का, हे तू लिहिलेलं नाहीस. मुरगळून नीट व्यायाम न झालेला घोटा कितीतरी वेळा खुब्याच्या नावावर खपतो.

आणि खो-खोत डोळे मिटून स्थिर उभं राहायचं कुठे असतं? तुला हवा तो तोल चालत्या अंगाचा. चौरसात उकिडवं बसलेलं असताना खो मिळतो आणि पूर्ण दुमडलेल्या खुब्यातून एका पायाच्या रेट्यावर उठायचं असतं. पळतीत तीन पावलांत दिशा दोनदा बदलते. खांबाला एका हाताने धरून अख्खं अंग बाहेर झोकून द्यायचं आणि परत गोळा करायचं. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत आपल्या मुलींनी प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली नेपाळला ७८-४० असं हरवून पहिला विश्वचषक घेतला, तो अंतिम सामना तू पाहिला असशीलच. पुन्हा लाव आणि या वेळी चेंडूमागे धावावी तशी नजर खेळाडूमागे धावू देऊ नकोस, एकीच्याच कमरेवर ठेव. हुलकावणी देताना खांदे कुठेही जातात, कंबर किती सपाट राहते ते बघ. मग मैत्रिणीला तुझ्या उठण्याचं चित्रण करायला सांग, समोरून आणि बाजूने. माझा अंदाज आहे की तू दर वेळी एकाच पायावर जोर देऊन उठत असशील. खांबही एकाच बाजूने मारत असशील. अशा सवयी सरांच्या नजरेतूनही सुटतात.

चालत्या तोलाचं माप घ्यायला घरी एक सोपी रीत आहे. अंगणात खडूने तीन रेघा काढ, इंग्रजी वाय उलटा काढावा तशा : एक सरळ पुढे, दोन तिरक्या मागे. मधल्या बिंदूवर एका पायाने उभी राहा आणि दुसऱ्या पायाचं बोट प्रत्येक रेघेवर जितकं लांब टेकवता येईल तितकं टेकव, वजन न टाकता. टेपने सेंटिमीटर मोज. २००६ मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात, पुढच्या दिशेला दोन पायांत ४ सेंटिमीटरहून जास्त फरक असणाऱ्यांना पायाच्या दुखापती जास्त झाल्या. पुढच्या सगळ्या अभ्यासांत तसंच निघालं नाही, त्यामुळे हा आकडा भविष्य म्हणून वाचू नकोस. पण तू आज कुठे आहेस आणि महिन्याने कुठे आहेस, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

रुंद कुल्ह्यांबद्दल. मुलींना गुडघ्यातला पुढचा मुख्य अस्थिबंध (हाडाला हाडाशी बांधणारं लिगामेंट), एसीएल, तुटण्याचा धोका मुलांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त असतो, हे खेळामागून खेळात दिसलंय. पण कमरेच्या रुंदीवर खापर फोडलं की करण्यासारखं काही उरत नाही. मैदानावर घात होतो तो उडीवरून उतरताना किंवा वळताना मांडी आत वळते, गुडघा आत कोसळतो तेव्हा, आणि ते शिकून बदलता येतं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १,८९२ फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर एक मोठा अभ्यास झाला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या क्लबांना सरावाआधीचा २० मिनिटांचा ठरावीक वॉर्म-अप दिला. त्यात धावणं, एका पायावरचा तोल, फळीसारखं अंग धरणं, नीट उतरायला शिकणं असं सगळं होतं. त्या मुलींना एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या, गंभीर दुखापतींत तर त्याहूनही जास्त घट झाली. कुणाच्या कमरेची ठेवण बदलली नव्हती आणि कुणाला दाबावंही लागलं नव्हतं. तुझ्या दादांना हे जरूर सांग. ‘तोल कच्चाच राहतो’ असं २० वर्षांच्या मुलीला सांगायचं नसतं.

मग हात पूर्ण बंद करायचे का? मी तरी तसं म्हणणार नाही. खुबा आखडल्यामुळे नीट बसताच येत नसेल, दुखण्यामुळे व्यायामच जमत नसेल, तर जाणत्या हाताने दहा मिनिटं काम करून घ्यावं आणि लगेच, त्या मोकळ्या वेळातच, व्यायाम करावा. हात दार उघडतो, आत तुला जायचं असतं. दाबून घेऊन घरी जाऊन झोपलीस तर दार पुन्हा लागणार. जास्त जोरात, काळंनिळं होईपर्यंत दाबलं की जास्त गुण येतो, हाही समज सोडून दे. आणि सामन्याच्या दिवशी काहीच नवं करून घेऊ नये.

व्यायाम कुठले? तपासणीनंतर फिजिओथेरपिस्ट तुझ्या अंगाकडे बघून ठरवेल, पण साधारण वाट अशी. भिंतीला पाठ लावून कुशीवर झोप, वरचा पाय टाच भिंतीवर घासत वर ने, पायाचं बोट छताकडे वळू देऊ नकोस. कुशीवरची फळी. पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलणं. मग वीतभर उंचीच्या पायरीवर एका पायावर उभी राहून दुसरी टाच सावकाश जमिनीला टेकवणं, गुडघा पायाच्या मधल्या बोटाच्या रेषेत ठेवून. हा शेवटचा मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात फसवता येत नाही. गुडघा आत गेला की आरसा लगेच सांगतो. आठ ते बारा वेळा, तीन खेपा, आठवड्यातून तीन दिवस. सोपं वाटायला लागलं की पाठीला दप्तर लावून वजन वाढव. त्यानंतर मैदानाचं : उकिडव्यातून आज उजव्या, उद्या डाव्या पायावर उठणं, आधी हळू, मग खो ऐकून. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जो फरक जाणवतो तो मज्जातंतूंच्या सरावाचा असतो, स्नायू खरोखर भरायला सहा-आठ आठवडे लागतात. चाचणी सहा आठवड्यांवर आहे, म्हणजे वेळ तुटपुंजा आहे पण अगदीच नाही असं नाही.

आता त्या बंद दाराबद्दल. तुला नकोसं वाटतं, हे कारण पुरेसं आहे. त्याला वैद्यकीय पुरावा जोडायची गरज नाही. खुब्यावर काम करायला कपडे काढावे लागत नाहीत. कुशीवर झोपवून, गुडघ्यांत उशी देऊन, ट्रॅक पँटवरून किंवा वरून चादर टाकून सगळं करता येतं. जो शिकलेला आहे तो आधी सांगतो कुठे हात लावणार, का लावणार, चालेल का ते विचारतो, आणि मधेच ‘थांबा’ म्हटलं की थांबतो. आई किंवा मैत्रीण खोलीत असायला त्याची हरकत नसते. यातलं एक जरी नसेल तर तिथे पुन्हा जायचं नाही. फिजिओथेरपीचा पदवी अभ्यासक्रम केलेल्या माणसाची महाराष्ट्रात राज्य परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात काही उद्धटपणा नाही. नकोसं वाटण्यापलीकडे काही घडलं असेल तर ते आईला सांग, आजच. आणि १८ वर्षांखालच्या ज्या मुली हे वाचत असतील, त्यांनी घरी सांगता येत नसेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक लक्षात ठेवावा.

सरांना काय सांगायचं, यावर तू फार विचार करते आहेस असं दिसतं. सर वाईट हेतूने सांगत नाहीत. त्यांना डोळ्यांदेखत १५चे ४० झालेले दिसले. त्यांच्याशी वाद घालू नकोस. एवढंच सांग : ‘सर, डॉक्टरांनी खुब्याची तपासणी सांगितली आहे, तोपर्यंत दाबायचं आणि उड्या मारायच्या बंद ठेवायला सांगितलंय.’ अवघड वाटलं तर हा सल्ला त्यांना दाखव. सहा आठवड्यांत १८ वेळा दाबून घेण्याचे ७,२०० रुपये होतात. ते तपासणी, फिजिओथेरपिस्टच्या काही भेटी आणि सरावानंतर रोजची अंडी, दूध, केळी, शेंगदाणे यांना लाव. खाणं वाढवण्याचं मी मुद्दाम पैशांच्या ओळीत लिहिलंय, कारण आपल्याकडे घरात आधी इतरांची ताटं वाढली जातात आणि वजन वाढेल म्हणून खेळणारी मुलगीच एक भाकरी कमी घेते. सरावाच्या दिवशी ती भाकरी तुझ्या ताटात हवी.

आणि तपासणीत हाडाला चीर निघाली तर? तर ही चाचणी बहुधा जाईल. ते लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण या वयात एक चाचणी म्हणजे काय असतं ते मी माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या डोळ्यांत पाहिलंय. पण तेव्हा चाचणी द्यायची की नाही हा निर्णय तुझ्या किंवा सरांच्या हातात ठेवू नका, डॉक्टरांनाच घेऊ द्या.

डॉक्टरांकडे जाताना आईला बरोबर घे. एका कागदावर लिहून ने : शेवटची पाळी कधी आली, पहिल्यांदा कधी आली होती, गेल्या सहा महिन्यांत वजन किती बदललं, दिवसात किती वेळा आणि काय खातेस, सराव आठवड्यात किती तास, खुबा कधीपासून दुखतोय, जिना चढताना दुखतो की उतरताना, रात्री जाग येते का, आधी कुठलं हाड मोडलं होतं का. आणि ‘कुठे दुखतं’ असं विचारलं की पूर्ण तळहात ठेवू नकोस, एका बोटाने दाखव.